३० दिवसही जड झाले?
पर्यावरण मंजुरीमुळे उद्योग रखडतात, हा लेखातला सूर पटला नाही. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी, म्हणजे प्रकल्पावर लोकांचं म्हणणं ऐकण्याच्या बैठकीआधी, गावकऱ्यांना हरकती मांडायला किमान ३० दिवस मिळतात. नव्या अधिसूचनेच्या २०२० च्या मसुद्यात तेही २० करायला निघाले होते! त्याच वर्षी ७ मे रोजी विशाखापट्टणमला एलजी पॉलिमर्सच्या प्लास्टिक कारखान्यातून स्टायरीन हे विषारी रसायन गळलं, १२ जण गेले. कंपनीकडे वैध पर्यावरण मंजुरी नव्हती, आणि हे तिने २०१९ मध्येच प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं होतं. तरी कारखाना चालूच होता.

सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात. जिल्हाधिकारी साहेब, प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत वेळेवर ठेवा, हरकती इतिवृत्तात जशाच्या तशा नोंदवा. आणि आधी बांधायचं, मग परवानगी मागायची, या प्रकाराला मुळीच थारा देऊ नका.