वांग शिवेईचं नाव मी गाळलं हे खरं, पण डिंग लिंगबद्दलचं बाकीचं मान्य नाही

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया येऊन आठ दिवस झाले. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नव्हती, आणि त्यातला एक मुद्दा मला चांगलाच लागला, म्हणून उशीर झाला. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. चिनी लेखिका आणि कम्युनिस्ट कार्यकर्ती डिंग लिंग हिच्यावर मी लेख लिहिला होता. सरांचं म्हणणं असं की मी पक्षाच्या एका भाट बाईला देव्हाऱ्यात बसवलं. हुतात्म्याची विधवा म्हणून पक्षाने तिला मोठं केलं. १९४२ मध्ये तिने बायकांच्या बाजूने एक लेख लिहिला आणि तीन महिन्यांत शेपूट घातली. शिवाय वांग शिवेई या लेखकाला एकटं पाडणाऱ्यांत ती सामील झाली, आणि ते मी सोयीस्करपणे गाळलं. पुढे त्याच पक्षाने वीस वर्षं चिरडलं तरी ती मरेपर्यंत त्याचेच गोडवे गात राहिली. 'यात क्रांतिकारक काय आणि स्वाभिमान कुठला?' असा तुमचा शेवटचा प्रश्न आहे.

गाळण्याचं आधी घेते, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. वांग शिवेईवरचा परिच्छेद माझ्या कच्च्या मसुद्यात होता. छापताना काढला. मला डिंग लिंग आवडते, आणि त्या परिच्छेदात ती आवडत नव्हती, एवढंच त्याचं कारण. हे कारण पुरेसं नाही. तेव्हा इथे लिहिते. मार्च १९४२ मध्ये वांग शिवेईने येनानच्या 'मुक्ती दैनिका'त दोन हप्त्यांत लेख लिहून विचारलं की समतेसाठी लढणाऱ्या या गावात जेवणाचे पाच आणि कपड्यांचे तीन दर्जे कशाला? (येनान म्हणजे तेव्हाचं कम्युनिस्टांचं मुख्य ठाणं; आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३९ मध्ये जिथे पोचले, तेच गाव.) ज्या साहित्य-पानावर तो लेख आला ते त्याआधीपर्यंत डिंग लिंगच सांभाळत होती. जूनमध्ये त्याच्यावर सभांमागून सभा झाल्या. ११ जूनच्या सभेत डिंग लिंग उभी राहिली, त्याच्याविरुद्ध बोलली, स्वतःची चूक कबूल केली. पुढे वांग शिवेई कैदेतच राहिला आणि १ जुलै १९४७ ला त्याला मारून टाकलं. पक्षाने त्याच्यावरचा ठपका पुसला तो १९९१ मध्ये. त्याला मारायचा निर्णय डिंग लिंगचा नव्हता. पण तो माणूस एकटा पडला तो त्या सभांमध्ये, आणि तिथे तिचाही आवाज होता. हे तिच्या खात्यावर आहे आणि राहील.

आता बाकीचं.

'हुतात्म्याची विधवा' हे तर सरळ चूक आहे. सोफी नावाच्या क्षयाने आजारी तरुणीच्या डायरीच्या रूपातली तिची कथा १९२८ च्या फेब्रुवारीत शांघायच्या मासिकात आली आणि ती एका रात्रीत प्रसिद्ध झाली. तोवर चिनी कथेत कुठल्या मुलीने स्वतःच्या इच्छेबद्दल असं उघड लिहिलं नव्हतं. तिचा जोडीदार हू येपिन तेव्हा तिच्यापेक्षा कमी माहीत असलेला कवी होता. तेव्हा सत्तेवर असलेल्या, कम्युनिस्टांच्या विरोधातल्या कुओमिंतांग पक्षाच्या सरकारने त्याला शांघायजवळ लोंगहुआला इतर वीसेक जणांबरोबर गोळ्या घातल्या, त्या ७ फेब्रुवारी १९३१ ला. म्हणजे कथेनंतर तीन वर्षांनी. बाळ तेव्हा तीन महिन्यांचं. ते तिने हुनानला आईकडे नेऊन ठेवलं आणि एकटी शांघायला परतली. पक्षाची सभासद झाली १९३२ मध्ये, नवऱ्याला ज्या कारणासाठी मारलं ते कारण डोळ्यांदेखत असताना. पक्षाने तिला मोठं केलं नाही. ती मोठी होती, आणि जीव धोक्यात घालून पक्षात गेली.

तिच्या आईबद्दल मूळ लेखात एकच ओळ होती, तीही मला कमी वाटते. यू मानझेन तिशीत विधवा झाली. लहानपणी बांधलेले पाय तिने सोडवले, आणि लेकीला घेऊन चांगदेच्या मुलींच्या अध्यापन शाळेत स्वतः जाऊन बसली. दुखऱ्या पायांनी मुलींबरोबर कवायत करायची. त्याच शाळेत तिची मैत्री झाली शियांग जिंगयूशी. पुढे पक्षाच्या स्त्रियांच्या कामाची पहिली धुरा सांभाळणारी ती हीच, १ मे १९२८ ला हानकोऊमध्ये जिला मारलं. अशा बायकांच्या मांडीवर डिंग लिंग वाढली. स्वाभिमान तिने कुठून शिकावा असं तुम्हाला वाटतं?

मुख्य वाद त्या १९४२ च्या लेखाचा. तुम्ही त्याला 'बायकांच्या बाजूचा एक लेख' म्हणता, म्हणून त्यात काय आहे ते जरा निवांत सांगते. आठ मार्चच्या निमित्ताने दैनिकासाठी मजकूर हवा होता, तिने रात्रीत लिहून दिला, ९ मार्चला छापून आला. सुरुवातीलाच ती विचारते की 'स्त्री' हा शब्द वेगळा काढून सांगायची गरज कधी संपणार? मग येनानमधल्या बायकांची कोंडी एकेक करून उलगडते. लग्न केलं नाही तर कुजबुज. केलं आणि घर सांभाळलं तर 'घरी परतलेली नोरा' असा शेरा (नोरा म्हणजे इब्सेनच्या नाटकातली, घर सोडून जाणारी नायिका). मूल होऊ नये म्हणून औषध मागायला गेली तर ऐकून घ्यायचं: मूल सांभाळणं हे काम नाही का, तुम्ही असं कोणतं मोठं राजकीय काम केलंय, आणि एवढी भीती होती तर लग्न करायला कुणी सांगितलं होतं? ही बाई दहा वर्षं पोरं आणि चूल करत राहिली की एक दिवस नवरा घटस्फोट मागतो. कारण? बायको 'मागास' राहिली. घटस्फोट बहुतेक पुरुषच मागतात, ती लिहिते, आणि बाईने मागितला तर तिचंच काहीतरी वाकडं असणार असं धरून चालतात.

'मागास'. हा शब्द तुम्ही वाचून पुढे गेलात, सर. मला जाता येत नाही. मी एका संघटनेचं काम अकरा वर्षं केलं. मुलगा सव्वा वर्षाचा असताना जिल्हा समितीची नवी यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. विचारलं तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते अगदी मायेने म्हणाले, "ताई, तुमचं वाचन आणि संपर्क दोन्ही कमी झालंय हल्ली." कमी झालं होतंच. रात्री तीनदा उठून जे काम मी करत होते ते त्यांच्या हिशेबात काम नव्हतं. त्यानंतर तीन-चार वर्षांनी मी डिंग लिंगचा तो लेख वाचला, आणि हे कुणीतरी १९४२ मध्ये, गुहांत राहणाऱ्या लोकांच्या गावात, जपान्यांशी लढाई चालू असताना लिहून ठेवलंय हे पाहून किती वेळ नुसती बसून राहिले.

ती हे कुठे बसून लिहीत होती तेही पाहा. येनानमध्ये पुरुष कितीतरी जास्त, बायका मोजक्या, आणि शहरांतून शिकलेल्या तरुण मुली येत होत्या. लाँग मार्चमधून, म्हणजे कम्युनिस्ट फौजेच्या त्या लांबलचक माघारीतून, चालत आलेली माओची बायको हो झिझेन बाजूला पडली होती आणि माओच्या घरात चियांग चिंग आली होती. त्या गावात कोणता घटस्फोट कुणाला झोंबेल हे सांगायला नको. लेखाच्या शेवटी ती स्वतःच म्हणते की हेच एखाद्या पुढाऱ्याने मोठ्या सभेत म्हटलं असतं तर लोकांना बरं वाटलं असतं, बाईच्या लेखणीतून आलं म्हणून ते रद्द करता येईल. पण लिहिलंच आहे, तर ज्यांना पटतं त्यांनी वाचावं. तिला पुढचं दिसत होतं. महिन्याभरात वरिष्ठांच्या बैठकीत सेनापती हो लुंग तिच्यावर बरसले की आम्ही आघाडीवर लढतोय आणि तुम्ही मागे बसून आम्हालाच शिव्या देताय. माओने मात्र फरक केला: डिंग लिंग कॉम्रेड आहे, वांग शिवेई ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे पक्षाच्या भाषेत शत्रू. त्या फरकावर ती वाचली आणि तो गेला. जूनच्या सभेत ती काय हिशेब करून उभी राहिली असेल, ते यावरून कळतं. तो हिशेब मी माफ करत नाही.

पण त्याच माफीनाम्यातलं एक वाक्य तुम्ही सोडलंत. लेख वाईट होता, मी पक्षाच्या जागी उभी राहून बोलले नाही, एका भागाच्या बाजूने बोलले, असं ती म्हणते. आणि सोबत हेही सांगते की त्या लेखात माझी अनेक वर्षांची वेदना आणि तळमळीची आशा ओतलेली आहे. लेखातली एकही गोष्ट खोटी होती असं ती म्हणत नाही. औषध मागणारी बाई नव्हती, घटस्फोट झाले नव्हते, असं नाही म्हणत. तुम्ही म्हणता माफी मागितल्यावर लेखाला किंमत उरली नाही. तिच्यावर तुटून पडलेल्या लोकांना तसं वाटलं नव्हतं. १९५८ च्या जानेवारीत, म्हणजे सोळा वर्षांनी, 'वेन्यी बाओ' या साहित्यपत्रिकेने तो लेख पुन्हा जसाच्या तसा छापला, तिच्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून. जोडीला वांग शिवेईचाही. तिने ज्याच्याविरुद्ध साक्ष दिली त्याच्याच शेजारी तिला बसवलं.

स्टालिन पारितोषिकाचा तुम्ही टोमणा मारलाय. जमीन-सुधारणेवरच्या तिच्या कादंबरीला ते मिळालं, १९५१ सालचं, दुसऱ्या श्रेणीचं. त्याचा उपयोग किती झाला ते पाहा: १९५५ मध्ये 'पक्षविरोधी टोळी'चा आरोप, १९५७ मध्ये 'उजवी', म्हणजे पक्षाच्या लेखी क्रांतिविरोधी, असा शिक्का, मग पक्षातून हकालपट्टी, आणि १९५८ मध्ये चौपन्नाव्या वर्षाला टेकलेली ही बाई ईशान्येच्या टोकाला, हेइलोंगजियांगच्या बेइदाहुआंग नावाच्या ओसाड मुलखात कोंबड्या पाळायला. तिथे ती बारा वर्षं होती.

आधीच्या लेखात हे सगळं एका ओळीत उरकलं होतं. सांस्कृतिक क्रांतीत त्या शेतावर तिला एका खोलीत कोंडून ठेवलं, तिचा नवरा चेन मिंग याला दुसरीकडे. त्याला अंगण झाडायचं काम होतं. तो झाडत यायचा तेव्हा ती खिडकीच्या फटीला डोळा लावून त्याला पाहायची. बोलायची बंदी. मग तो चिठ्ठ्या टाकायला लागला. कागद कुठला मिळणार? फाटक्या सिगारेटच्या पाकिटावर, काडेपेटीच्या पुठ्ठ्यावर, मक्याच्या कणसाच्या सालीवर बारीक अक्षरांत दोन-चार ओळी. धीर धर, तब्येत सांभाळ, असलं काहीतरी. तिने त्या अंगाशी जपल्या, शेवटी झडतीत गेल्या. पण तोवर तोंडपाठ झाल्या होत्या. १९७९ मध्ये तिला पुन्हा छापायला परवानगी मिळाली तेव्हा त्या तिने आठवून लिहून काढल्या. १९७० ते ७५ दोघंही बीजिंगजवळच्या चिनचंगच्या तुरुंगात होती, एकाच तुरुंगात, आणि एकमेकांना ते ठाऊक नव्हतं.

राहिला गोडव्यांचा मुद्दा. सुटल्यावर ती पक्षाविरुद्ध बोलली नाही, हे खरं. १९८३ च्या 'वैचारिक प्रदूषणा'विरुद्धच्या मोहिमेत तिने तरुण लेखकांना सुनावलं, हेही खरं, आणि मला ते वाचताना राग येतो. ज्या बाईला तिच्या लिखाणासाठी कोंडलं तिने तरी असं करायला नको होतं. पण याला स्वाभिमान नसणं म्हणायला मी तयार नाही. १९३३ च्या मे महिन्यात कुओमिंतांगने तिला शांघायहून पळवलं आणि तीन वर्षं नानजिंगमध्ये डांबून ठेवलं. ती मेली असं समजून थोर चिनी लेखक लू शूनने शोककविताही लिहिली. ती निसटून कम्युनिस्टांकडे पोचली तेव्हा माओने तिच्यावर कविता केली, आणि काही वर्षांतच लोक विचारायला लागले: तीन वर्षं जिवंत कशी राहिलीस? काय कबूल केलंस? १९४३ मध्ये येनानला चौकशी, १९५५ मध्ये पुन्हा, १९५७ मध्ये पुन्हा. तिचं नाव पूर्ण निर्दोष करणारा कागद निघाला १९८४ मध्ये. ती एकोणऐंशी वर्षांची होती. चाळीसहून जास्त वर्षं ती त्या एका कागदाची वाट पाहत होती. त्या काळात पक्षाकडे पाठ फिरवणं म्हणजे 'बघा, फितूरच होती' म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीत देणं. आणि हू येपिनला ज्या कारणासाठी मारलं तेही सोडून देणं. मला वाटतं तिला दोन्ही शक्य नव्हतं. तुम्हाला हे पटणार नाही कदाचित.

तिची १९४१ ची एक कथा आहे, जपानी सैनिकांच्या तावडीत सापडलेल्या झेनझेन या मुलीची. ती तिकडून आपल्या लोकांना माहिती पोचवते, आजारी होऊन गावी परतते, आणि विहिरीवरच्या बायका तिला पाहून तोंड फिरवतात: शत्रूकडे राहून आलेली. १९५७ मध्ये या कथेवरूनही तिला धरलं. जपान्यांकडे राहिलेल्या मुलीची बाजू घेणारी लेखिका स्वतः नानजिंगला काय करत होती, असं विचारलं. तुमची प्रतिक्रिया वाचताना मला त्या विहिरीवरच्या बायका आठवल्या. रागाने म्हणत नाही, सर. झेनझेनची कथा एकदा वाचा आणि मग बोलू.

मूळ लेखात वांग शिवेईचा परिच्छेद आज रात्री परत घालते, आणि तो तुमच्या प्रतिक्रियेमुळे घातला हेही तिथे लिहिते.