खपली पडली म्हणजे मूळ निघाले असे नव्हे

गेल्या दोन महिन्यांत एकच संदेश मला पाच जणांकडून आला. 'त्वचेचा कॅन्सर, चाकूशिवाय' असे त्याचे शीर्षक असून मजकूर थोडक्यात असा आहे: बिब्ब्याचे तेल, कळीचा चुना आणि हळद यांचा लेप गाठीवर लावावा, म्हणजे २१ दिवसांत काळी खपली धरून गाठ मुळासकट गळून पडते, बायोप्सी करू नये, कारण सुई लागली की रोग पसरतो, हा मुळात गोऱ्या लोकांचा रोग असल्याने घाबरून जाऊ नये, पोटातून गुळवेल घ्यावी आणि साखर पूर्ण बंद करावी, हे सगळे निसर्गातले असल्यामुळे अपाय शून्य, तेव्हा इस्पितळाचे उपचार चालू असले तरी सोबत खुशाल घ्यावे. शेवटी दोन सवाल टाकले आहेत. अमेरिकेने हळदीचे पेटंट उगाच घेतले होते का, आणि डॉक्टर हे तुम्हाला का सांगत नाहीत?

मी डॉक्टर नाही. सोलापुरातल्या एका ऊतिपरीक्षण प्रयोगशाळेत मी २७ वर्षे तंत्रज्ञ होते. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा बरणीतून येतो तिथपासून त्याची काच डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली जाते तिथपर्यंतचे काम आमचे. संदेशातल्या ज्या वाक्याला लोक सर्वाधिक भुलतात ते 'मुळासकट गळून पडते' हे वाक्य नेमके माझ्या टेबलावरचे असल्यामुळे सुरुवात तिथूनच करते.

त्वचेच्या कर्करोगाला गाजरासारखे उपटता येईल असे मूळ नसते. वरून मुगाच्या डाळीएवढा दिसणारा बेसल सेल कार्सिनोमा कातडीखाली चारी बाजूंना बोटे फुटल्यासारखा पसरलेला असू शकतो, आणि ती बोटे कुठे संपतात हे डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. म्हणून शल्यचिकित्सक गाठीभोवतीची काही मिलिमीटर चांगली कातडीही काढतो आणि तुकड्याच्या एका टोकाला दोऱ्याचा एक टाका घालून पाठवतो, जेणेकरून वरची बाजू कोणती हे आम्हाला कळावे. फॉर्मलिनमधून तुकडा बाहेर काढला की त्याच्या कडांना शाई लावायची, मग तो पॅराफिनच्या ठोकळ्यात बसवून मायक्रोटोम या काप काढायच्या यंत्रावर त्याचे सुमारे ४ मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, म्हणजे एका मिलिमीटरात असे अडीचशे काप बसतील. रंगवलेल्या काचेवर डॉक्टर पहिल्यांदा शोधतात ती शाईची रेघ. रोगट पेशी शाईपर्यंत पोचल्या असतील तर त्यांचा काही भाग रोग्याच्या अंगात राहिला असण्याचा धोका असतो. शाई आणि पेशी यांच्यामध्ये निरोगी ऊतीची पट्टी असेल तर रिपोर्टात 'कडा मोकळ्या' असे लिहिले जाते. 'मूळ निघाले' याला आमच्या विद्येत एवढाच पुरावा आहे. गळून पडलेल्या खपलीला ना कड असते ना त्यात वाचता येतील अशा पेशी. भाजून मेलेल्या ऊतीचा तो काळा पापुद्रा असतो.

ती खपली धरते कशामुळे, हेही सांगितले पाहिजे, कारण लेप लावणाऱ्याला काहीतरी घडताना खरोखरच दिसते आणि तिथेच त्याचा विश्वास बसतो. चुना हा क्षार आहे, तो कातडी जाळतो. बिब्ब्याच्या रसाने अंगावर फोड येतात, हे परटाने घातलेली बिब्ब्याची खूण कपड्यावर पाहिलेल्या पिढीला नव्याने सांगायला नको. चालत्या कामात बिब्बा घालणे हा वाक्प्रचार मराठीत उगाच रुळलेला नाही. आयुर्वेदानेही भल्लातक, म्हणजे बिब्बा, कधी कच्चे वापरायला सांगितलेले नाही, त्याचे शोधन करावे लागते, आणि आपल्या औषधविषयक नियमांत आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची जी यादी आहे तिच्यात त्याचे नाव आहे. अशा दोन दाहक पदार्थांचा लेप जे समोर येईल ते जाळतो. रोगट पेशी कोणती आणि चांगली कोणती हा भेद त्याला कळत नाही. वरचा थर जळतो, खपली पडते, खालून गुलाबी कातडी भरून येते आणि तिच्याखाली उरलेला रोग झाकला जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हा प्रकार.

पाश्चात्त्य देशांत 'ब्लॅक सॅल्व्ह' नावाचा काळा मलम अशाच दाव्याने विकला जातो. ब्लडरूट या वनस्पतीचा अर्क आणि झिंक क्लोराइड असे त्याचे घटक असतात, आणि वर व्रण भरून आला असताना आत गाठ वाढत राहिल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. त्याचे समर्थक डॉ. फ्रेडरिक मोज यांचे नाव घेतात, आणि अर्धे खरे सांगतात. मोज यांनी १९३०च्या दशकात झिंक क्लोराइडचा लेप खरोखर वापरला होता. मात्र तो ऊती जागच्या जागी घट्ट करण्यापुरता होता. त्यानंतर ते थरामागून थर कापून काढत आणि प्रत्येक थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासत, रोगट पेशी दिसेनाशा होईपर्यंत. पुढे या पद्धतीतून लेप गेला आणि सूक्ष्मदर्शक राहिला. मलम विकणाऱ्यांनी नेमके उलटे केले.

एक बरणी मला अजून आठवते. अक्कलकोट बाजूच्या एका शेतकऱ्याच्या पोटरीवर लहानपणी भाजल्याचा जुना वण होता, त्यावर तीस-पस्तीस वर्षांनी न भरणारी जखम झाली. जुन्या भाजल्याच्या वणावर, वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमेवर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा दुसरा एक कर्करोग होऊ शकतो, ही वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत असलेली गोष्ट आहे. त्यांनी गावातच कसलासा लेप लावला, खपली पडली, जखम जवळजवळ मिटली, आणि त्या आनंदात त्यांनी वर्षभर दुखणे अंगावर काढले. आमच्याकडे पहिली बरणी आली ती पोटरीची नव्हती, जांघेतल्या गाठीची होती, म्हणजे रोग तिथवर पोचला होता. काच पाहून डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत.

'गोऱ्या लोकांचा रोग' या दाव्यालाही हा शेतकरीच उत्तर आहे. आपल्याकडे हा रोग कमी आढळतो हे खरे आहे. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते आणि अशा भारतीय नोंदींत त्वचेचा वाटा लहानच असतो. सावळ्या कातडीतले मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून संरक्षण देते, पण ज्या कर्करोगांचा उन्हाशी संबंधच नाही तिथे ते काय करणार? टाटा मेमोरियलचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्ये धोतराच्या घट्ट गाठीखाली, कमरेला होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. साडीच्या आतल्या परकराच्या नाडीखाली वर्षानुवर्षे घासून काळवंडलेल्या कातडीवर होणारा तसाच रोग पुढे डॉक्टरांनी नोंदवला. ज्या सोलापूरने साऱ्या महाराष्ट्राला सुती कापड पुरवले त्या गावात तरी ही गोष्ट माहीत असायला हवी. मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, आपल्या लोकांत बहुधा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली दिसतो. अनवाणी चालणारा माणूस तळपायाच्या काळ्या डागाला कुरूप किंवा मोडलेला काटा समजतो, आणि नखातली रुंदावत जाणारी काळी रेघ दाराच्या फटीत बोट सापडले होते त्याची म्हणून सोडून देतो. रोग दुर्मीळ असल्यामुळे संशय उशिरा येतो आणि म्हणूनच तो अधिक वाईट अवस्थेत हाती लागतो. घाबरू नका हा सल्ला या बाबतीत तरी उलटा आहे.

बायोप्सीने रोग पसरतो या समजुतीवर फार शब्द खर्चण्याची गरज नाही. त्वचेच्या कर्करोगात बायोप्सी केल्याने आयुष्य घटते असे दिसून आलेले नाही. ही समजूत टिकली आहे ती क्रमामुळे: लोक उशिरा येतात, बायोप्सी होते, त्यानंतर आधीच पसरलेला रोग कळतो, आणि दोष सुईच्या माथी जातो. मेलॅनोमाची खोली मिलिमीटरमध्ये मोजतात आणि पुढचा बराचसा उपचार त्या आकड्यावर ठरतो; बायोप्सी टाळणारा माणूस तो आकडाच टाळत असतो. साखरेचेही तसेच. चहातली साखर कमी केली तर कोणाचे काही बिघडणार नाही, पण त्याने गाठ उपाशी मरते याला आधार नाही, आणि उपचारांमुळे आधीच वजन उतरलेल्या रुग्णाचे खाणे तोडणे घातक ठरते.

हळदीच्या पेटंटची गोष्ट मात्र नीट सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्या अभिमानाची आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर पेटंट दिले गेले, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले, कारण हे ज्ञान आमच्या घराघरांत आधीपासून आहे हे सिद्ध करता आले. वाद जखमेचा होता, कर्करोगाचा त्यात उल्लेखही नव्हता. हळदीतला कर्क्युमिन काचपात्रातल्या कर्करोगाच्या पेशींवर परिणाम करतो हे खरे असले तरी तो पोटातून रक्तात फारच थोडा शोषला जातो, आणि काचपात्रातून माणसापर्यंतचे अंतर भल्याभल्या द्रव्यांना पार करता आलेले नाही.

'निसर्गातले म्हणजे निरुपद्रवी' या विधानाला मला एका वनस्पतीनेच उत्तर द्यायचे आहे. आपल्या शेर-निवडुंगाच्या कुळातली एक लहानशी दुधाळ वनस्पती परदेशात चामखिळीवर आणि त्वचेवरच्या डागांवर पूर्वापार लावली जात असे. तिच्या चिकातले इंजेनॉल मेब्युटेट हे द्रव्य वेगळे करून, चाचण्या घेऊन, २०१२ मध्ये अमेरिकेत उन्हामुळे होणाऱ्या कर्करोगपूर्व डागांवर औषध म्हणून मान्य झाले. म्हणजे आधुनिक वैद्यक झाडपाल्याकडे बघत नाही हा आरोप इथेच संपतो. पण पुढे जिथे ते लावले होते त्याच जागी त्वचेचे कर्करोग अधिक आढळू लागल्याने २०२० मध्ये युरोपात त्याची मान्यता काढून घेण्यात आली. रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले म्हणून ते कळले. बिब्बा-चुन्याचा लेप लावलेल्यांचे पुढे काय झाले याची वही कोणाकडे आहे?

गुळवेलीबद्दलही सावधपणे बोलले पाहिजे. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी भारतातल्याच यकृततज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्यांवर आक्षेप घेतला. हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. पसरलेल्या मेलॅनोमावर आज दिली जाणारी इम्युनोथेरपी प्रतिकारशक्तीला मोकळे सोडते आणि तिच्यामुळेही यकृताला सूज येऊ शकते. तशात 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' गोळी कोणी न सांगता घेत असेल, तर यकृत कशाने बिघडले हे डॉक्टरांनी ओळखायचे कसे?

'सोबत घ्यावे' या भागात मात्र थोडे तथ्य आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. उपचारांच्या थकव्यावर रोजचे चालणे उपयोगी पडते, योगासने आणि ध्यान यांनी झोप आणि चिंता यांत फरक पडतो, आल्याने काहींची मळमळ कमी होते. इम्युनोथेरपी घेणाऱ्या मेलॅनोमाच्या रुग्णांचा एक अमेरिकन अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तंतुमय आहार अधिक घेणाऱ्यांचा रोग अधिक काळ आटोक्यात राहिल्याचे दिसले, आणि दुकानातल्या प्रोबायोटिक गोळ्या घेणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी खाणाऱ्यांनी यावर खूश व्हायला हरकत नाही, फक्त भाकरीला औषध म्हणू नये. जीवनसत्त्व ब-३चा एक प्रकार, निकोटिनामाइड, रोज दोनदा ५०० मिलिग्रॅम घेतल्याने नव्या बेसल आणि स्क्वॅमस कर्करोगांचे प्रमाण वर्षभरात २३ टक्क्यांनी घटल्याचे ऑस्ट्रेलियातल्या २०१५च्या चाचणीत आढळले. पण ते आधी असे कर्करोग होऊन गेलेल्यांमध्ये, आणि गोळी बंद होताच फायदाही संपला.

अडचण 'सोबत' या शब्दाची आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या चार प्रकारच्या कर्करोगांच्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांत त्वचेचा कर्करोग नव्हता, हे आधीच सांगते. उपचारांसोबत पूरक उपाय घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका दुप्पट आढळला, आणि कारण शोधता असे दिसले की या मंडळींनी शस्त्रक्रिया, केमोथेरपी किंवा किरणोपचार यांपैकी काही ना काही अधिक प्रमाणात नाकारले होते. 'सोबत' म्हणून सुरू झालेली गोष्ट हळूहळू 'ऐवजी' होते. किरणोपचार चालू असलेल्या कातडीवर लेप, शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात रक्त पातळ करणाऱ्या लसणाच्या वा हळदीच्या गोळ्या, हे सगळे डॉक्टरांपासून लपवले जाते, कारण ते रागावतील ही भीती. काही डॉक्टर रागावतातही, आणि त्यात त्यांची चूक आहे.

राहिला शेवटचा सवाल, डॉक्टर सांगत का नाहीत. वरवरच्या बेसल सेल कार्सिनोमावर डॉक्टर मलम देतातच. इमिक्विमॉड आणि फ्ल्युरोयुरॅसिल अशी त्यांची नावे आहेत. फरक एवढाच की रोग वरवरचा आहे हे बायोप्सीने ठरल्यावर ते देतात. आणि जे 'सांगतात' त्यांच्याविषयी कायद्याने केव्हाच बोलून ठेवले आहे: औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४च्या कायद्यात, ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत कर्करोग आहे.

मला संदेश पाठवणाऱ्या पाच जणांत माझ्या चुलत सासूबाई आहेत. काकूंनी तो का पाठवला हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळले. नाकाच्या बाजूला मोत्यासारखा चकाकणारा एक दाणा, मध्ये बारीक खळगा, आणि भोवती चुन्याने भाजलेली लाल कड. आठ दिवस लेप चालू होता. सिव्हिलच्या त्वचारोग विभागात त्यांना घेऊन गेले. बायोप्सी येत्या मंगळवारी आहे. चुना बंद केला आहे, रात्रीचे हळदीचे दूध चालू आहे, आणि ते त्यांनी डॉक्टरांना स्वतःच सांगितले.