जड हाताचा माणूस

"तुमचा हात जड आहे, काका."

गेल्या शनिवारी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानात, सहा गिऱ्हाइकांच्या देखत, मला हे ऐकवण्यात आलं. ऐकवणारा पोरगा फार तर बाविशीचा. आठच दिवसांपूर्वी ह्याच पोराने मला 'सर, सर' करत ६४९ रुपयांचा वायरलेस माउस विकला होता. विकताना सर आणि तक्रारीला काका! बढती म्हणायची की सेवानिवृत्ती, कळेना.

जुन्या माउसचं बटण एकदा दाबलं की दोनदा दाबलं जायचं. आतला स्विच झिजला की असं होतं म्हणे. एक खिडकी बंद करायला जावं तर मागचीही मिटायची. एकदा नको असलेली पीडीएफ बंद करताना साहेबांची मीटिंग बंद झाली, तीही ते माझ्या कामाबद्दल काहीतरी गंभीर बोलत असताना. अजून त्यांना वाटतं की मी रागाने निघून गेलो. म्हणून नवा माउस.

आता घेताना बघा. नारळ आपण कानाशी हलवतो, कलिंगडाला टिचकी मारतो, हापूस हुंगतो. चप्पल घालून दुकानातल्या दुकानात चार फेऱ्या मारतो. आणि जी वस्तू रोज आठ-दहा तास हातात राहणार, ती मात्र कडक प्लास्टिकमधून नुसती बघायची. "उघडला की घ्यावा लागेल, सर." खोक्यावर मोठ्या अक्षरात '१६०० डीपीआय'. म्हणजे माउस एक इंच सरकला की बाण सोळाशे पावलं चालणार. मला जीएसटीच्या रकान्यात जाऊन एक आकडा दुरुस्त करायचा असतो. त्याला सोळाशे पावलं कशाला? पण घेतला.

घरी आणून मी त्याची रीतसर परीक्षा घेतली. सनमायकावर उत्तम. सोफ्याच्या हातावर बरा. सोलापुरी चादरीवर तर असा पळाला की मी थक्क झालो. काचेच्या टीपॉयवर ठार मेला. त्याला कारण आहे. माउसच्या पोटात एक चिमुकला कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून अधिक फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी ताडून आपण किती सरकलो ते ठरवतो. स्वच्छ काचेवर त्याला ताडायला काही दिसतच नाही. (आमच्या टेबलावरचे चहाचे डाग इतक्या बारकाईने ह्यापूर्वी फक्त सासूबाईंनी पाहिले होते.) एवढ्या सगळ्या जागी पास झालेलं हे रत्न, जिथे मी खरं काम करतो त्या टेबलावर मात्र उचकी लागल्यासारखं करायचं. बाण निघायचा, थबकायचा आणि एकदम टुणकन भलतीकडे.

म्हणून शनिवारी परत दुकान. पोराने माउस घेतला आणि ठेवला कुठे, तर काउंटरच्या काचेवर! बाण ढिम्म. मी विजयी मुद्रेने आजूबाजूला पाहिलं. त्याने शांतपणे त्याखाली पेपर सरकवला. बाण तुरुतुरु पळायला लागला. "चालतोय की. तुमचा हात जड आहे, काका."

"बघू जरा," मागून आवाज आला.

साधारण पंचाहत्तरीचे एक गृहस्थ. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात कापडी पिशवी, पिशवीत प्रिंटरचं रिकामं कार्ट्रिज. सोसायटीची पाण्याची नोटीस छापायची राहिली होती, असं त्यांनी कोणी न विचारता सांगितलं. माझ्या हातातून माउस घेतला, पोटाचं झाकण उघडलं, पेन्सिल सेल काढला आणि काउंटरवर दोन बोटं उंचीवरून उभा सोडला. धप्प.

"जिवंत आहे," ते म्हणाले.

"काय?"

"सेल हो. टण्णकन उडाला तर संपला समजायचं. धप्प बसला तर आहे अजून. आम्ही पूर्वी रेडिओचे सेल गच्चीत उन्हात ठेवायचो. तुम्ही नसतील ठेवले." मीही ठेवलेत, पण बोलायची सोय नव्हती. "बरं, भोक कोणतं?"

"अं?"

"अहो, कॉम्प्युटरचं! ते बारकं रिसीव्हर कुठल्या भोकात घातलंय? निळ्या की काळ्या?"

कोणीतरी खुदकन हसलं. मी म्हणालो, "निळ्या बहुतेक."

"बहुतेक नको. निळं की काळं?"

"निळं."

"शेजारी कोण आहे?"

ह्या चालीवर पुढचा प्रश्न गोत्राचा येणार, असं मला वाटलं. "हार्ड डिस्क आहे."

गृहस्थांनी डोळे मिटले. "मग कसं जमणार? निळ्या भोकातली हार्ड डिस्क म्हणजे शेजारी बॅन्जो. माउस बिचारा हळू बोलतो. रिसीव्हरला ऐकूच जात नाही त्याचं." आणि तिथून ते बँकेत गेले. त्यांच्या शाखेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा चपला बाहेर काढून आत जावं लागे. देवघरात नसेल एवढं सोवळं. त्याला एसी होता आणि मॅनेजरला पंखा. पुढे गोळीचे माउस आले. त्या गोळीला चिकटलेला मळ नखाने खरवडायचं काम शिपाई करेना, त्यावरून युनियनची मीटिंग झाली. मी दोनदा निघायचा प्रयत्न केला. माउस त्यांच्या हातात होता.

इतका वेळ फोन बघत असलेल्या पोराने आता खण उघडला आणि हातभर लांबीची एक वायर काउंटरवर टाकली. "एक्स्टेंशन लावा, काका. रिसीव्हर लांब येईल. दीडशे. सगळ्यांना तेच देतो."

सगळ्यांना! म्हणजे ह्याला माहीत होतं. दुखणं माहीत, औषध खणात, आणि तरी आधी माझ्या हाताचं वजन काढून झालं. बरं, ही काही गुप्तविद्या नाही. यूएसबी ३.० च्या, म्हणजे त्या निळ्या भोकातल्या, उपकरणांचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओपट्ट्यात सांडतो, माउसही त्याच पट्ट्यात बोलतो, आणि रिसीव्हर जरा दूर ठेवा, हे इंटेलने २०१२ सालीच छापून ठेवलंय. मग खोक्यावर एवढी एक ओळ छापायला काय होतं? सोळाशेचा आकडा छापायला जागा आहे, 'कनेक्ट फ्रीली' म्हणून उड्या मारणारी मुलगी छापायला जागा आहे. मी भांडलो थोडा. पोरगा म्हणाला, "कंपनीला मेल करा." दीडशे रुपये दिले.

माउस निर्माण करणाऱ्या डग्लस एंगेलबार्टचंही काही फार बरं झालं नाही. १९६४ मध्ये त्याने आणि बिल इंग्लिशने लाकडी ठोकळ्याला खाली दोन चाकं लावून तो बनवला, ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत हजारभर लोकांसमोर चालवून दाखवला. पेटंट १९७० मध्ये झालं, पण रॉयल्टीचा एक डॉलरही त्याला मिळाला नाही. तेव्हा माझे ६४९ परत मिळतील ही आशा मुळात उद्धटपणाचीच होती. त्या ठोकळ्याला उंदीर म्हणू लागले ते मागे शेपटीसारखी वायर होती म्हणून. वर्षानुवर्षं खपून लोकांनी ती शेपटी छाटली, आणि मी दीडशे रुपये देऊन परत विकत आणली. फक्त दुसऱ्या टोकाला लावायची.

माउस आता चालतो. लोण्यासारखा. हे मला नाइलाजाने लिहावं लागतंय. टेबलावरून ती हातभर वायर लोंबते, तिच्या टोकाला नखाएवढं रिसीव्हर, ते वाऱ्याने हलू नये म्हणून मी चिकटपट्टीने स्टीलच्या डब्याला चिकटवलंय.

काल बायको चहा ठेवायला आली. वायरकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वायरलेस घेतला होतास ना?"

मी उत्तर दिलं नाही. एंटर मात्र जरा जोरात दाबला गेला.