प्रश्न असा विचारा की उत्तर टाळताच येणार नाही

डिसेंबर २०१९. लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सुरू होता. तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी सांगितलं की, प्रदूषणामुळे आयुष्य कमी होतं असं एकाही भारतीय अभ्यासात दिसलेलं नाही.

त्याच्या वर्षभर आधी, डिसेंबर २०१८ मध्ये, असा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तोही केंद्र सरकारच्याच आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) इतर संस्थांबरोबर केलेला. २०१७ मध्ये देशातल्या साधारण १२ लाख ४० हजार मृत्यूंमागे दूषित हवा होती आणि ती नसती तर आपलं सरासरी आयुर्मान १.७ वर्षांनी जास्त असतं, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं.

मंत्र्यांचा राग येतोच. पण खासदारांकडून माझी अपेक्षा जास्त आहे. 'प्रदूषणाने माणसं मरतात का?' असं मोघम विचारलं की मोघमच उत्तर मिळणार. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टर 'हवा' लिहीत नाहीत. हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा जुनाट आजार असं लिहितात. त्यातही २०२० मध्ये नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांनाच डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं कारण होतं. बाकीच्यांचं काय? ज्याची नोंदच ठेवली नाही, त्याचा पुरावा कुठून येणार?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या तुटवड्याबाबतही हेच झालं. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांच्या लेखी उत्तरात होतं की, ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी वेगळं कळवलेलं नाही. त्या तेव्हा दिंडोरीच्या खासदार होत्या, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्याच. आणि त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला, किमान २२ रुग्ण गेले. सारा महाराष्ट्र त्या दिवशी टीव्हीसमोर सुन्न बसला होता. केंद्राने राज्यांवर बोट ठेवलं, राज्यांनी तसा आकडा कळवलाच नव्हता, आणि गेलेल्या माणसांचे नातेवाईक मधल्या मध्ये राहिले. मला हे अजून सहन होत नाही.

म्हणून प्रश्न जिल्ह्याचा हवा, आकड्याचा हवा. चंद्रपूरचं बघा. शहरालगत महाऔष्णिक केंद्र, सभोवती कोळशाच्या खाणी, आणि शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात. तिथल्या लोकप्रतिनिधीने विचारावं: या कार्यक्रमातून शहराला किती पैसे आले, त्यातले किती खर्च झाले आणि कशावर? जिल्हा रुग्णालयात दम्याचे आणि सीओपीडीचे (फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे) रुग्ण दर महिन्याला किती दाखल होतात, हे कुणी हवेच्या नोंदींशेजारी मांडून पाहिलं आहे का? औष्णिक केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडचे नियम २०१५ मध्ये आले, मुदती पुढे पुढे ढकलल्या गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक वीजनिर्मिती संचांना एफजीडी, म्हणजे धुरातला हा वायू काढून टाकणाऱ्या यंत्रणेतूनच सूट मिळाली. मग चंद्रपूरच्या प्रत्येक संचाचं काय ठरलं?

आणि शक्यतो तारांकित प्रश्न विचारा. त्यावर मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं, उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर पटलावर येतं आणि विषय तिथेच मिटतो.

आपल्या खासदारांनी काय विचारलं, हे संसदेच्या संकेतस्थळावर नावानिशी सापडतं. विधानसभेचं अधिवेशन भरलं की आमदारांचे तारांकित प्रश्न आणि लक्षवेधीही पाहा. आपल्या गावच्या हवेबद्दल, पाण्याबद्दल, दवाखान्याबद्दल त्यांनी काही विचारलं आहे का ते शोधा, आणि विचारलं नसेल तर नेमका प्रश्न लिहून त्यांच्या कार्यालयात नेऊन द्या.