ट्रिपल एक्सलंट म्हणजे डोळे झाकून घ्यायचा हिरा नव्हे

हिरा घ्यायचं ठरलं की कुणीतरी एक सल्ला फोनवर पाठवतोच. त्याचा सारांश असा: कटचा फार बाऊ करू नका. सर्टिफिकेटवर ट्रिपल एक्सलंट असलं की सगळे हिरे सारखेच चमकतात. अंश आणि टक्के हे कारागिरांसाठी असतात. दुकानात दिव्याखाली धरून बघा, जो जास्त झगमगेल तो घ्या. हार्ट्स अँड ॲरोज मिळाला तर शंकाच नको. जितके पैलू जास्त तितकी चमक जास्त. आणि एक कॅरट तो एक कॅरट, बोटात सारखाच दिसणार.

हा सल्ला वाचून लोक निर्धास्त होतात, याचं मला वाईट वाटतं. कट, म्हणजे पैलू कोणत्या कोनांत आणि प्रमाणांत घासले आहेत ते, हा हिऱ्याचा असा भाग आहे, की तो फसला तर रंग आणि क्लॅरिटी (आतली स्वच्छता) कितीही वरची असो, खडा मिटल्यासारखा दिसतो. नंतर दुरुस्ती करायची तर पुन्हा घासून वजन घालवणं एवढाच मार्ग उरतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"ट्रिपल एक्सलंट असलं की सगळे सारखे"

ट्रिपलमधले तीन म्हणजे कट, पॉलिश आणि सिमेट्री. पॉलिश आणि सिमेट्री दहापट भिंगाखाली पाहून ठरतात: पृष्ठभाग किती स्वच्छ घासला आहे, पैलूंची टोकं एकमेकांना नीट मिळतात का, टेबल मध्यावर आहे का. खडा प्रकाशाचं काय करतो, याचा अंदाज मुख्यतः पहिल्या श्रेणीवरून यायचा. तिथेच घोळ आहे.

आधी चार शब्द. खड्याच्या कडेभोवतीचा पट्टा म्हणजे गर्डल. त्याच्या वर क्राउन, खाली टोकापर्यंत पॅव्हिलियन, आणि वरचा मोठा सपाट पैलू म्हणजे टेबल. हिरे तपासून अहवाल देणाऱ्या जीआयए या अमेरिकी संस्थेने गोल ब्रिलियंट, म्हणजे नेहमीच्या गोल आकाराच्या, हिऱ्यांना कटची श्रेणी द्यायला २००६ मध्ये सुरुवात केली. त्यात एक्सलंटसाठी टेबल खड्याच्या व्यासाच्या ५२ ते ६२ टक्के, क्राउनचा कोन ३१.५ ते ३६.५ अंश आणि पॅव्हिलियनचा कोन ४०.६ ते ४१.८ अंश चालतो. या मर्यादांमधली प्रत्येक जोडी एक्सलंट ठरते असं नाही, पण एकूण मैदान केवढं ऐसपैस आहे ते बघा. परीक्षेत ७५ टक्केवाल्यालाही विशेष प्रावीण्य मिळतं आणि ९८ वाल्यालाही. प्रमाणपत्रावरचा शब्द तोच, म्हणून पेपर तोच ठरत नाही.

पॅव्हिलियनच्या अर्ध्या अंशाने एवढं काय बिघडतं? हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याच्या क्षमतेचं माप, २.४१७ आहे. त्यामुळे आतला किरण पैलूवर लंबाशी २४.४ अंशांहून जास्त कोनात आदळला तर बाहेर न पडता पूर्ण परावर्तित होतो. सरळ वरून टेबलातून आत शिरलेला किरण ४१ अंशांच्या पॅव्हिलियनवर आदळतो, जवळजवळ आडवा होऊन समोरच्या बाजूला जातो, तिथे पुन्हा परावर्तित होतो आणि वर वळतो. या दोन्ही ठिकाणी तो सुरक्षित असतो. कसोटी लागते ती वर येताना. तो टेबलाशी पोहोचला तर बाहेर पडून तुमच्या डोळ्यांपर्यंत येतो. टेबलाऐवजी तीव्र उताराच्या क्राउनवर तिरपा आदळला तर पुन्हा आत वळतो, आणि पुष्कळदा मागच्या बाजूने निघून जातो. तो प्रकाश तुमच्यासाठी गेला. म्हणून पॅव्हिलियनचा कोन एकटा बघून भागत नाही, त्याच्याबरोबर क्राउन कसा आहे ते बघावं लागतं.

जाणकार वापरतात तो ठोकताळा सोपा आहे. क्राउन ३४.५ आणि पॅव्हिलियन ४०.८ ही भरवशाची जोडी धरा. पॅव्हिलियन ०.२ अंशाने वाढला तर क्राउन साधारण १ अंशाने उतरायला हवा, म्हणजे ४१.० बरोबर ३३.५, आणि ४०.६ बरोबर ३५.५ जमतं. दोन्ही एकाच दिशेने चढले, उदाहरणार्थ ३५.५ आणि ४१.२, तर टेबलाच्या कडेखाली गळतीचं कडं तयार होऊ लागतं. अशा जोडीलाही एक्सलंट मिळू शकतं. शेजारी ३४.५ आणि ४०.८ चा खडा ठेवला की सर्टिफिकेटवर एकच शब्द असलेल्या या दोघांतला फरक साध्या डोळ्यांना कळतो: एकात प्रकाश काठापर्यंत भरलेला, दुसऱ्यात टेबलाच्या आतल्या कडेने राखी वर्तुळ.

आणखी एक बारकावा, जो फार थोड्यांना ठाऊक असतो. जीआयएच्या अहवालातले कोन हे आठ पैलूंच्या मापांची सरासरी असतात, आणि तीही गोळाबेरीज केलेली: क्राउन जवळच्या ०.५ अंशावर, पॅव्हिलियन जवळच्या ०.२ अंशावर. म्हणजे कागदावर ४१.० असेल तेव्हा खरी सरासरी ४०.९ ते ४१.१ मध्ये कुठेही असू शकते, आणि एकेक पैलू त्याहून दूर. आकडे वाईट खडे गाळायला उत्तम आहेत. चांगला खडा निवडायला ते पुरत नाहीत, त्यासाठी खडा पाहावाच लागतो.

याच संदर्भात "आयडियल" या बिरुदाबद्दल. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये गणिताने प्रमाणं काढली: क्राउन ३४.५, पॅव्हिलियन ४०.७५, टेबल ५३ टक्के. काम थोर होतं, आजही पाया तोच आहे. पण तो हिशेब खड्याच्या सपाट छेदावर केलेला होता, आणि गर्डलची जाडी त्यात धरलेली नव्हती. विक्रेता "टोल्कोव्स्की आयडियल" म्हणाला की या तिन्हींच्या जवळचे आकडे अहवालात शोधा. सापडले नाहीत तर त्या शब्दाला वजन देऊ नका.

"दिव्याखाली जो झगमगतो तो चांगला"

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं, कारण ते अगदी पटण्यासारखं आहे. डोळ्यांनी पाहिलं, आवडलं, घेतलं. यात चूक काय?

चूक दिव्यांत आहे. दागिन्यांच्या दुकानात छताला छोटे, प्रखर, अनेक दिवे असतात. अशा बिंदूसारख्या प्रकाशात कुठलाही घासलेला पारदर्शक खडा रंगीत ठिणग्या टाकतो. हिऱ्याचं डिस्पर्शन, म्हणजे पांढरा प्रकाश रंगांत फोडण्याची क्षमता, ०.०४४ आहे. हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या खड्यांपैकी क्युबिक झिरकोनियाचं सुमारे ०.०६० आणि मॉइसनाइटचं सुमारे ०.१०४. म्हणजे त्या दिव्यांखाली निव्वळ रंगीत झगमगाटाची स्पर्धा लावली तर हिरा हरू शकतो. ज्या प्रकाशात हिऱ्याची नक्कलसुद्धा झळकते, तो प्रकाश कटची परीक्षा कशी घेणार?

चांगल्या कटचं काम तीन गोष्टींत दिसतं. पांढरा उजेड किती परत येतो, ती ब्राइटनेस. रंगीत ठिणग्या, म्हणजे फायर. आणि खडा हलवताना उजेड-अंधाराचे तुकडे कसे लुकलुकतात, ते सिंटिलेशन. दुकानातले दिवे फायर फुगवून दाखवतात आणि ब्राइटनेसमधली खोट झाकतात. म्हणून खडा दिव्यांपासून दूर न्या. खिडकीजवळ, थेट ऊन येत नसेल अशा जागी, किंवा मेजाखालच्या सावलीत धरा. डोळ्यांपासून फूटभर लांब ठेवा. फार जवळ आणलात तर तुमच्या डोक्याचीच सावली खड्यात पडते आणि मध्य काळा दिसतो, तो दोष खड्याचा नसतो.

आता हळूहळू कलवा. खड्यात दिसणारे बाणासारखे काळे पट्टे जागा बदलत असतील, उजळत आणि मावळत असतील, तर तो कॉन्ट्रास्ट आहे आणि तो हवाच. त्याच्याशिवाय खडा सपाट दिसतो. एखादा भाग कसाही कलवला तरी राखी, मेलेलाच राहत असेल तर ती गळती समजा. खडा दोन बोटांच्या बेचक्यात धरून वरून बघा. आत जिथे त्वचेचा रंग डोकावतो तिथून उजेड मागे निसटतो आहे. टेबलाखाली गर्डलचं पांढुरकं वर्तुळ दिसलं तर पॅव्हिलियन फार उथळ आहे, त्याला फिशआय म्हणतात. मधोमध काळा ठिपका बसला असेल तर फार खोल, तो नेलहेड. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एकटा खडा कधीच जोखू नका. दोन खडे एकाच ताटलीत, एकाच उजेडात शेजारी ठेवा. डोळा तुलना उत्तम करतो. आठवणीतल्या खड्याशी समोरच्याची तुलना त्याला जमत नाही.

बघण्याआधी खडा पुसून घ्या, आणि पुसायचा तो मागून. तेल हिऱ्याला चटकन चिकटतं. पॅव्हिलियनवर त्याचा थर बसला की बाहेर हवेऐवजी तेल येतं आणि पूर्ण परावर्तनाची मर्यादा २४.४ वरून सुमारे ३८ अंशांवर चढते. उत्तम कटसुद्धा मग मंद दिसतो. बरेच खडे हाताळून हाताळून असेच मळलेले असतात.

डोळ्यांवर भरवसा वाटत नसेल तर आयडियल-स्कोप नावाचं हातात मावणारं साधं उपकरण मिळतं. खड्याच्या मागून पांढरा उजेड येतो आणि वर आतून लाल असलेली नळी असते. वरच्या भोकातून पाहिलं की हिशेब समोर मांडलेला असतो: लाल तिथे प्रकाश परत येतो आहे, पांढरं तिथे गळती, काळं तिथे तुमच्या डोक्याची सावली. चांगल्या गोल खड्यात गडद लाल रंगावर आठ काळे बाण, आणि कडेला थोडी पांढरी टोकं. क्राउन आणि पॅव्हिलियन दोन्ही तीव्र असलेल्या खड्यात टेबलाच्या कडेला फिकट गुलाबी किंवा पांढरं कडं. अमेरिकन जेम सोसायटीने (एजीएस) विकसित केलेलं असेट हे उपकरण याच्या पुढचं: क्षितिजापासून ४५ अंशांपर्यंत खालून येणारा प्रकाश हिरवा, ४५ ते ७५ मधला लाल, आणि डोक्याच्या बाजूचा ७५ ते ९० मधला निळा. लाल भरपूर हवा, कारण प्रखर उजेड बहुधा तिथूनच येतो. दुरून खरेदी करत असाल तर यातली एक प्रतिमा विक्रेत्याकडे नक्की मागा. देण्यात त्याचं काही जात नाही.

"हार्ट्स अँड ॲरोज म्हणजे शंकाच नको"

वरून आठ बाण आणि खालून आठ बदाम दिसणं हा पैलूंच्या नेमक्या जुळणीचा पुरावा आहे. सर्टिफिकेटवरच्या सिमेट्रीहून ती परीक्षा कितीतरी कडक, आणि कारागिराच्या हाताला दाद द्यावी अशी. पण जुळणी नेमकी असूनही कोन चुकीचे असू शकतात. आठही पैलू सारख्याच प्रमाणात तीव्र असले तर नक्षी सुंदर येईल आणि गळतीही आठही बाजूंनी सारखी होईल. आधी कोन, मग नक्षी.

"पैलू जास्त, चमक जास्त"

नाही. गोल ब्रिलियंटला ५७ पैलू असतात, खालच्या टोकावर क्युलेट नावाचा बारीक पैलू घासलेला असेल तर ५८. त्याहून जास्त पैलू पाडले की तोच प्रकाश लहान लहान तुकड्यांत वाटला जातो. खडा मोठा असेल तर तो छान दिसू शकतो. लहान खड्यात तुकडे इतके बारीक होतात की डोळ्याला ते वेगळे दिसतच नाहीत, आणि खडा धुकट वाटतो.

"एक कॅरट तो एक कॅरट"

वजन सारखं असतं, ०.२ ग्रॅम. दिसणं सारखं नसतं. नीट कापलेला एक कॅरटचा गोल खडा ६.४ ते ६.५ मिलिमीटर व्यासाचा भरतो. खोल पॅव्हिलियन आणि जाड गर्डल ठेवून कच्च्या दगडाचं वजन वाचवलं असेल तर तोच एक कॅरट ६.२ मिलिमीटरवर येतो, जो व्यास चांगल्या कटच्या ०.८८ कॅरटचा असतो. बाकीचं वजन खाली लपलं. तुम्ही त्याचे पैसे मोजलेत आणि ते तुम्हाला कधीच दिसणार नाही. अहवालात वजनाच्या शेजारीच मापं छापलेली असतात, ती वजनाइतकीच काळजीने वाचा. कागदावरचा एक कॅरट सोडून ०.९० चा उत्तम कट घ्यावा, असंच मी कुणालाही सांगेन.

आणि सल्ल्यात नसलेलं

वरचे बहुतेक आकडे गोल ब्रिलियंटसाठी आहेत. जीआयएची २००६ ची कट-श्रेणीही गोल हिऱ्यांसाठीच आली. ओव्हल, पेअर, मार्कीझ यांच्या जीआयए अहवालात एक्सलंट दिसलं तर ते पॉलिश आणि सिमेट्रीचं असतं, प्रकाशाबद्दल ते काही सांगत नाही. काही प्रयोगशाळा या आकारांनाही कटची श्रेणी देतात, पण त्यांचे निकष एकसारखे नाहीत. या लांबट आकारांत मध्यावर आडवा काळा पट्टा येतो, बो-टाय म्हणतात त्याला. तो थोडाफार जवळजवळ प्रत्येकात असतो. बघायचं ते इतकंच, की खडा कलवल्यावर तो पट्टा तुटून उजळतो का, की तसाच बसून राहतो. एका जागी थांबलेल्या फोटोत हे कळत नाही, त्यामुळे असा खडा निवडताना फिरता व्हिडिओ मागा, तोही विखुरलेल्या उजेडात काढलेला.