हळू दाबल्यावरचा आवाज

काल संध्याकाळी जिंतूर रोडवरच्या एका गॅरेजसमोर, सात माणसं आणि एक शेळी यांच्या साक्षीने, मी तोंडाने ब्रेकचा आवाज काढला. एकदा नाही, पाचदा. सव्वीस वर्षं परभणीच्या पोरांना ‘आवाज करू नका’ म्हणत गणित शिकवलं, त्याची ही परतफेड.

माझ्या कारमधून हा आवाज तीन आठवडे येत होता. ब्रेक हळू दाबला की किंईऽऽ, कचकन दाबला की काही नाही. आधी गाडी शोरूमच्या वर्कशॉपला नेली. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने खाली न वाकताच टॅबवर ‘पुढचे पॅड’ टिपलं. मलाही पटलं. पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे ठोकळे. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक पट्टी असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला घासते आणि ओरडते. ओरडणं हेच तिचं काम. भरले ३,९४० रुपये, त्यात मजुरीवर १८ टक्के जीएसटी. जुने पॅड बघायला मागितले तर “सर, ते स्क्रॅपला गेले.” अर्ध्या तासात! आमच्याकडे मयतसुद्धा एवढ्या लवकर हलत नाही, पुण्याहून कुणीतरी यायचं असतं. आणि फाटकाशी वॉचमनला पावती दाखवायला ब्रेक दाबला, तर किंईऽऽ.

म्हणून काल जिंतूर रोड. गॅरेजवाला माझा जुना विद्यार्थी. दहावीच्या सराव परीक्षेत भूमितीला मी त्याला दोन मार्क दिले होते, तेही अक्षराचे. त्याला ते आठवत नसेल अशी आशा धरून लक्षण सांगितलं. त्याने गाडीची चक्कर मारली. आवाज नाही. तपासणीला साहेब आले की वर्गातलं सगळ्यात वांड पोरगं हाताची घडी घालून बसतं, तशी गाडी बसली.

बाकड्यावर एक मामा बशीत चहा ओतून पीत होते. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. त्यांचं या गॅरेजात काय काम असतं ते कुणालाच माहीत नाही, पण त्यांना विचारल्याशिवाय नट ढिला होत नाही.

“सर, आवाज कसा यायलाय?”

“किंई असा.”

“मोठ्यानं सांगा की. गाडी काय तुमच्या कानात बोलायली का?”

मी आवाज वाढवला. शेळीने वर पाहिलं.

“टिटवीवाणी का?”

“साधारण.”

“साधारण नाही चालत. टिटवी मधी मधी दम घेती. ह्यो दम घेतो का?”

“नाही. सलग आहे.”

“मंग टिटवी नाही. सुरीला धार लावतेत तसा?”

“त्याहून बारीक.”

“असं करा, हळू दाबल्यावरचा येगळा काढा अन् कचकन दाबल्यावरचा येगळा.”

“अहो मामा, कचकन दाबल्यावर आवाज येतच नाही.”

“मंग तेच दाखवा.”

न येणारा आवाज कसा दाखवायचा? मी तोंड उघडून गप्प उभा राहिलो. मामांनी बशी खाली ठेवली, कानामागे तळवा धरला आणि तो नसलेला आवाज शेवटपर्यंत ऐकून घेतला. “हां,” म्हणाले, “आता समजलं.”

काय समजलं ते मात्र सांगेनात. त्याऐवजी मांजरसुंब्याचा घाट सुरू झाला. “आम्ही घाट उतरायचो तर ब्रेकवर पाय ठेवून बसत नव्हतो. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं. ड्रम तापला की ब्रेक धरीतच नाही.” खरं आहे ते. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा; ब्रेक दाबला की आतले लायनर त्याला घासून थांबवतात. पण माझ्या घरापासून शाळेपर्यंत घाट नाही, स्पीडब्रेकर आहेत. रंग नसलेले, पाटी नसलेले. कुणीतरी पडलं की दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं गिट्टी-मुरूम टाकून नवा तयार करतात, तो वेगळाच. दोन स्पीडब्रेकरच्या मधला रस्ता गेल्या वर्षीपासून खोदलेला आहे. रोड टॅक्स आमच्याकडून गाडी घेतानाच एकरकमी घेतला. रस्ता मात्र हप्त्याने मिळायलाय, आणि हप्ते थकलेत. हे मी मामांना सांगितलं, जरा चिडूनच. ते म्हणाले, “तुमच्यासारख्या शिकलेल्यांनी अर्ज द्यावा.” दिलाय. दोनदा.

तेवढ्यात गॅरेजवाला हात पुसत आला. “सर, परत एकदा काढा ना. समजलं नाही.”

माझ्या वर्गात हे वाक्य त्याने एकदाही उच्चारलं नव्हतं. मी घसा साफ करून काढला. त्याने डोळे मिटून ऐकला आणि पोराला म्हणाला, “मागचा ड्रम. डावा.”

“डावा कशावरून?”

“तुम्ही आवाज काढताना मान डाव्या अंगाला न्यायलात, सर.”

चाक खोललं, ड्रम ठोकून काढला. आतून वाटीभर काळी भुकटी पडली, थोडी लायनरची झीज, बाकी सगळा आमच्या खोदलेल्या रस्त्याचा फुफाटा. त्याने तोंडाला रुमाल बांधून भुकटी झाडली, लायनरला पॉलिश पेपर मारला, घासायच्या जागी बोटभर ग्रीस लावलं. २०० रुपये. लायनर अजून वर्षभर जाईल म्हणाला. मग ते ३,९४० कशाचे, असं विचारलं तर म्हणाला, “जुने पॅड बघायला पाहिजे होते, सर.”

मामा एवढंच बोलले, “मी तर मघाशीच सांगितलं होतं.”

गाडी आता गप्प आहे. दिवसभर मीही होतो. दुपारी मधल्या सुट्टीत गॅरेजवाल्याचा फोन आला.

“सर, एक गिऱ्हाईक आलंय. त्याला आवाज कसा येतो ते सांगताच येईना. फोन स्पीकरवर टाकतो, तुमचा जरा काढता का? असाच का, तेवढं विचारून घेतो.”

मागून मामा ओरडले, “हळू दाबल्यावरचा म्हणावं!”

मी उठून स्टाफरूमचं दार लोटून घेतलं.