बाप्पा, माऊस पेट्रोलनं धुवू नका

गेल्या रविवारी भाचा गावावरून पहिल्या एसटीनं आला आणि पिशवीतून माऊस काढून माझ्या टेबलावर ठेवला. हातात घेण्याआधीच पेट्रोलचा वास आला. उलटा करून पाहिला तर तळाचं पारदर्शक भिंग दुधासारखं पांढरं पडलेलं, डाव्या बटणाच्या कडेला केसासारखी चीर, आणि वरचं प्लास्टिक बोटाला चिकटत होतं.

"काय केलं रे याचं?"

"मेसेजमधी होतं मामा, तसंच केलं."

मेसेज मी ओळखत होतो. दोन महिन्यांपासून आमच्या राळेगाव तालुक्यातल्या एकूण एक ग्रुपवर तो फिरून राहिला आहे. गिऱ्हाईक दाखवतात, मी समजावतो, विषय तिथंच संपतो. पण या वेळी तो आमच्याच घरच्या ग्रुपवर जवाईंनी टाकला होता आणि पोरानं मुकाट्यानं अंमलात आणला. म्हणून आता बसून लिहितो आहे. तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटर-प्रिंटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, माऊस रोज उघडतो, तेवढाच माझा अधिकार.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: "माऊस बिघडला? फेकू नका! दुकानदार लुटतात, कंपन्या ही माहिती लपवतात. १) माऊस खोलून पेट्रोल किंवा थिनरनं धुवा, नव्यासारखा होतो. २) एका क्लिकला दोन क्लिक होत असतील तर कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे. ३) बटणाखालच्या स्विचमध्ये शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडा. ४) खालचा लाल लाईट दिसत नसेल तर माऊस मेला, दिसत असेल तर त्याकडे पाहू नका, लेझरनं डोळे जातात. ५) ओला झाला तर तांदळात ठेवा किंवा उन्हात टिनावर वाळवा. १० जणांना पाठवा."

पेट्रोलबद्दल मी जास्त बोलणार आहे. बाकीच्या सल्ल्यांनी फार तर तीनशे रुपयांचा माऊस जाईल, यानं घर जाईल.

त्या दिवशी काय झालं ते ऐका. पोरानं गाडीतून अर्धी बाटली पेट्रोल काढलं, स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ओतलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून माऊस त्यात बुडवला. आत माझी बहीण गॅसवर भाकरी टाकत होती. तिला वास आला, तिनं शेगडी बंद केली आणि गंज उचलून मागच्या अंगणात नेलं. "थे तं बरं झालं मले वास आला, भाऊ," एवढंच ती फोनवर म्हणाली. मला रात्री झोप लागली नाही.

पेट्रोल पेटतं म्हणजे त्याची वाफ पेटते, आणि ती वाफ निघायला काही तापवावं लागत नाही. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट्रोलमधून पेट घेण्याइतकी वाफ निघते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा उघड्या गंजातून किती निघत असेल याचा विचार करा. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे वर उडून जात नाही. फरशीवरून पाण्यासारखी पसरते आणि शेजारच्या खोलीत पोचते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या जवळ आलं की एक ठिणगी पुरे: शेगडीची ज्योत, देवापुढचा दिवा, फ्रिजचं आपोआप चालू-बंद होणारं बटण. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर टकदिशी चालू होतो ना, त्याच्या आतही ठिणगी पडते. खेड्यात किराणा दुकानातसुद्धा बाटलीतलं पेट्रोल मिळतं, म्हणून ते घरात आणणं लोकांना रॉकेल आणण्याइतकंच साधं वाटतं. रॉकेल पेटण्याजोगी वाफ सोडायला साधारण ३८ अंशांच्या वर तापावं लागतं. दोन्हींत एवढं अंतर आहे.

पेट्रोलची ही कल्पना कुठून आली हे मला माहीत आहे. गॅरेजमध्ये गाडीची चेन आणि कार्बोरेटर पेट्रोलनं धुतात, आणि ते स्वच्छ निघतात हेही खरं. पण चेन लोखंडाची असते आणि कार्बोरेटर धातूचा. माऊसचं कवच बहुतेक एबीएस नावाच्या प्लास्टिकचं आणि आतलं भिंगही प्लास्टिकचंच. पेट्रोलमधले टोल्युइन जातीचे घटक या प्लास्टिकमध्ये शिरतात. ते फुगतं, चिकट होतं, आणि जिथं ताण असतो तिथं तडकतं. बटणाची पातळ पट्टी दिवसभर वाकत असते, म्हणून चीर तिथंच पडली. थिनर तर यापेक्षाही लवकर खातं.

भिंग पांढरं पडलं की माऊस आंधळा होतो, आणि हा शब्द मी शब्दशः वापरतो आहे. लाईटवाल्या माऊसच्या पोटात एक लहानसा कॅमेरा असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजार-दीड हजार किंवा त्याहून जास्त फोटो काढतो, आणि आतली चिप आधीच्या फोटोशी पुढचा फोटो ताडून माऊस कुठं सरकला ते ठरवते. समोर धुरकट भिंग असेल तर ताडणार काय? कर्सर थरथरतो, उड्या मारतो किंवा जागीच बसतो.

खरं तर कर्सर अडखळतो तेव्हा दहातल्या सात-आठ वेळा माझ्याकडे आलेल्या माऊसमध्ये धुणं लागतच नाही. आमचा भाग कापसाचा. दिवाळीपासून पुढं फेब्रुवारीपर्यंत जिनिंगच्या ऑफिसातून, अडत्याच्या गादीवरून जे माऊस येतात, त्यांच्या भिंगासमोर रुईचा एक तंतू आडवा अडकलेला असतो. बस, एक तंतू. माऊस काढून उलटा करा, कोरड्या मऊ ब्रशनं ते भोक झाडा, काम झालं. चिकट मळ असेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे आयसोप्रोपाइल अल्कोहोल मिळतं. ते 'आयपीए' म्हणतात. कान कोरायच्या कापसाच्या काडीला थोडंसं लावून पुसा आणि १५ मिनिटं वाळू द्या. तेही आगीपासून दूरच वापरायचं, कारण अल्कोहोलही पेटतं, पण त्याचे चार थेंब लागतात, गंजभर नाही. घरातलं सॅनिटायझर वापरू नका. त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, ते मागं चिकटा ठेवतं आणि पुढची रुई त्यालाच चिकटते. चाक अडत असेल तर माऊसच्या तळाला चिकटवलेल्या पट्ट्या उचलून त्यांच्याखालचे स्क्रू काढा, चाकाच्या दांड्याला गुंडाळलेले केस चिमट्यानं ओढून काढा.

आता व्हायरस. एका क्लिकला दोन क्लिक होणं हा माऊसचा सगळ्यात जुना आजार आहे, आणि त्यापायी मी लोकांना पूर्ण विंडोज नव्यानं टाकून घेताना पाहिलं आहे, गरज नसताना, पाचशे-सातशे रुपये देऊन. सेवा केंद्रावर याचा त्रास फार. ऑपरेटर पीक विम्याच्या फॉर्मवर संमतीच्या चौकटीत खूण करतो, ती लागते आणि त्याच क्षणी निघूनही जाते. मागं शेतकऱ्यांची रांग, पोर्टल आधीच रखडत असतं, आणि माणूस समजतो साईटच खराब आहे.

तपासणं सोपं आहे. माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. खोड तिकडंही आली तर माऊसमध्येच आहे. दुसरा कॉम्प्युटर नसेल तर माऊसच्या सेटिंगमध्ये जाऊन डावं-उजवं बटण अदलाबदल करा आणि उजव्या बटणानं काम करून पाहा. दोन क्लिक थांबले तर डाव्या बटणाचा स्विच गेला. व्हायरसला डावं बोट आणि उजवं बोट यातला फरक कळत नाही. एखादी फाइल धरून ओढताना ती मधेच सुटून पडत असेल, तर तीही याच स्विचची खूण. एक मात्र मान्य करतो: कधी कधी खरंच दोष सेटिंगचा असतो. फोल्डर एकाच क्लिकनं उघडायचा पर्याय कुणीतरी चालू केलेला असतो आणि लोकांना वाटतं माऊस दोनदा दाबला जातो. ते आधी पाहून घ्या.

मशीनच्या तेलाचा मुद्दा इथंच येतो, आणि याच मुद्द्यावर लोक माझ्याशी सगळ्यात जास्त भांडतात. "भाऊ, तेल टाकलं तं दोन दिवस मस्त चालला!" चालतो, नाकारत नाही. फुंकर मारल्यावरही चालतो, बोटानं टिचकी मारल्यावरही चालतो. कारण आतले दोन धातूचे ठिपके थोडे हलतात आणि नवीन जागी टेकतात. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बटणाखाली जो छोटा चौकोनी डबा असतो, त्यात धातूची एक वाकवलेली पातळ पट्टी असते. दाबलं की ती टकदिशी उलटते आणि खालच्या ठिपक्याला टेकते. टेकताना ती क्षणभर थरथरते, तेवढा थरथराट माऊसची चिप सोडून देते. पट्टीचा ताण गेला किंवा ठिपका काळवंडला की थरथराट लांबतो आणि चिपला वाटतं माणसानं दोनदा दाबलं. आता ओमरॉन या जपानी कंपनीचं तांत्रिक पत्रक पाहा. डी२एफ जातीचे तिचे स्विच कित्येक माऊसमध्ये असतात. ती कंपनी स्वतः दोन वेगळे प्रकार बनवते. साधा प्रकार ३ अँपिअरपर्यंतचा, त्याचे ठिपके चांदीचे. दुसरा अगदी थोड्या करंटसाठी, ०.१ अँपिअरचा, त्याचे ठिपके सोन्याच्या मिश्रधातूचे. चांदी काळी पडते हे बायांना सांगावं लागत नाही, जोडवी वर्षभरात काळी होतात. जास्त करंट असला तर प्रत्येक वेळी बारीक ठिणगी पडून तो काळा थर जळून जातो. माऊसमध्ये ५ व्होल्ट किंवा त्याहूनही कमी दाब आणि नावापुरता करंट, त्यानं काहीच जळत नाही. स्वस्त माऊसमध्ये सोन्याचे ठिपके कोण घालणार? मग त्या काळ्या थरावर तुम्ही तेल सोडता. तेल वीज वाहून नेत नाही, ठिपक्यांच्या मधे पसरून बसतं आणि उडालेली रुई धरून ठेवतं.

स्विचला वयही असतं. माऊससाठीचे ओमरॉनचे स्विच १ कोटी किंवा २ कोटी दाबांचे म्हणून विकले जातात. सेवा केंद्रावरचा ऑपरेटर दिवसाला ५,००० वेळा दाबत असेल, तर १ कोटी व्हायला २,००० दिवस लागतात, साडेपाच वर्षांच्या आसपास. बिननावाच्या स्विचकडून तेवढीही अपेक्षा नको. झिजलेल्या पट्टीवर औषध नाही, स्विच बदलायचा. आणि नवा मिळत नसेल तर एक उपाय घरातच आहे. उजवं बटण आपण फार कमी दाबतो, त्याचा स्विच बहुधा ठणठणीत असतो. दोन्ही एकाच जातीचे असतील तर सोल्डरिंग करून डाव्याच्या जागी उजव्याचा आणि उजव्याच्या जागी डाव्याचा लावा. माऊस आणखी वर्ष-दोन वर्षं निघतो. मी यापेक्षा जास्त पैसे देणारं काम दुकानात करत असेन, पण यापेक्षा समाधानाचं नाही.

उरलेले मुद्दे पटकन. लाल लाईट हा साधा एलईडी आहे, त्यानं डोळे जात नाहीत. तरी मुद्दाम टक लावून पाहायचं कशाला? आणि लाईट दिसत नाही म्हणजे माऊस मेला असं मुळीच नाही. कित्येक माऊसचा प्रकाश डोळ्यांना न दिसणारा असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा, बऱ्याचदा तिथं दिसतो. चालू-बंद होत असेल तर वायर जिथं माऊसमध्ये शिरते तिथं हलवून पाहा, वायर बहुतेक तिथंच तुटते.

तांदळाचा उपाय मोबाइलपासून सुरू झाला. २०२४ मध्ये अ‍ॅपलनंच लोकांना सांगितलं की ओला आयफोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जातात. माऊस ओला झाला तर आधी वायर काढा, उघडा, पुसा, पंख्याखाली ठेवा. चहा सांडला असेल तर साखरेचा चिकटा आयपीएनं पुसूनच काढावा लागतो, तांदूळ साखर ओढत नाही. मे महिन्यात टिनावर ठेवलात तर खालच्या पट्ट्यांचा गोंद सुटेल.

आणि दुकानदार लुटतात हे? लुटतात, काही जण. भिंगासमोरचा एक तंतू झाडायच्या ऐवजी नवा माऊस गळ्यात मारणारे मी पाहिले आहेत. स्क्रू पट्ट्यांखाली आणि स्टिकरखाली लपवलेले असतात हेही खरं, आणि साध्या माऊसचे सुटे भाग आमच्याकडे मिळत नाहीत हेही. मेसेज एवढा पसरला तो याच रागावर पसरला, आणि तो राग मला समजतो. पण त्या रागापायी पोराच्या हातात पेट्रोलचं गंज देणाऱ्याला मी माफ करणार नाही.

भाच्याच्या माऊसचं भिंग मी एका मेलेल्या माऊसमधून काढून बसवलं. चीर पडलेलं कवचही त्याच माऊसचं बदललं. स्विचची अदलाबदल पोरानं स्वतः केली, दोनदा हात भाजून घेतला, तिसऱ्यांदा टाका नीट बसला. संध्याकाळच्या एसटीनं तो माऊस घेऊन परत गेला. जवाईंना मी फोन केला, त्यांनी ग्रुपवरून मेसेज काढला. रात्री बहिणीचा फोन आला. माऊस चालतो का, हे तिनं विचारलंच नाही.

"भाऊ, घरातून वास अजून गेला नाई. आज रातच्याले दिवा लावू का नको?"

मी म्हटलं, सगळी दारं-खिडक्या उघड्या ठेव, आणि आज नको लावू.